यादीत टोस्ट नव्हता

सुनंदा, तुला पोचवून माणसं घरी आली, अंगणातल्या बादलीत हातपाय धुतले आणि ओसरीवर टेकली, तोच पहिलं वाक्य माझ्या कानावर पडलं. "एवढं पथ्य पाळून काय मिळालं बिचारीला?" बोलणारी आपली चुलत नणंद. शेजारून आलेला चहा तिच्या हातात आणि चहात बुडवलेली खारी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडच्या मळ्यातली मावशी म्हणाली, "पथ्य कुठलं आलंय! रविवारी मिसळ खाऊन आली होती म्हणं. तीच बाधली."

म्हणजे एकीच्या मते तू फार पाळलंस म्हणून गेलीस आणि दुसरीच्या मते पाळलं नाहीस म्हणून. तू असतीस तर तोंडावर पदर धरून हसत सुटली असतीस. मला हसू आलं नाही. मी दारातूनच म्हटलं, "तिच्या ताटाचा पंचनामा इथं करायचा नाही. चहा प्यायला बसलात, चहा प्या." सासूबाईंनी डोळे वटारले. वटारू देत. बावन्नाव्या वर्षी एका सकाळी तुझं हृदय बंद पडलं. त्याचा दोष कुणी तुझ्या ताटात शोधायला लागलं, तर त्याची गाठ आधी माझ्याशी आहे.

पण खरं सांगू, त्या बायकांचा राग मला दोन मिनिटं आला. खरी धास्ती घेतली ती मयूरीमुळे. तुझी लेक भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीत फडकं पिळायला बसली आणि तिला पिळता येईना. मी बघतेय म्हटल्यावर फडकं तसंच गळतं टाकून उठली. मी तिला मागच्या दारी गाठलं. "मूठ वळ," म्हटलं. वळली नाही. बोटांची मधली पेरं फुगलेली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. सकाळी तासभर अशी आखडतात, मग सुटतात."

"आणि घरात कुणाला बोलली नाहीस?"

तर तुझी तेवीस वर्षांची शिकलेली लेक मला काय म्हणते, "मोठी आई, बोलून काय होणार? आईनं गोळ्या घेतल्या, साखर कमी केली, सगळं सगळं केलं. काय उपयोग झाला?" तेच ओसरीवरचं वाक्य, तुझ्या पोटच्या पोरीच्या तोंडात. ही आता दवाखान्याची पायरी चढणार नाही, हे मला तिथेच कळलं.

म्हणून लिहायला बसले आहे. रडगाणं गायला नाही. सव्वीस वर्षं आपण दोघी जावा एका स्वयंपाकघरात नांदलो, मी फटकळ आणि तू हसरी, आणि भांडलो तर रोजच. पण एक गोष्ट मी तुझ्यासमोर कधीच बोलले नाही. इतरांना सांगून झाली आहे. तुला सांगायची राहिली.

तुझा आजार पहिल्यांदा मीच पकडला होता, आठवतं? संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला आपण ओट्यावर बसायचो. तुझी जुडी म्हणजे बघत राहावी अशी. देठ एका रेषेत, आणि बांधणी अशी घट्ट की व्यापाऱ्याने आपटली तरी सुटायची नाही. माझी जन्मजात तिरकी. एका हिवाळ्यात तुझ्या जुड्या टेम्पोतच सुटायला लागल्या. मार्केटमध्ये ह्यांना चार शब्द ऐकून घ्यावे लागले. मी तुला टोमणा मारला, "काय गं, माझा गुण लागला वाटतं." तू हसलीस आणि हात पदराखाली घेतलेस. मी पदर बाजूला केला. बोटं लालबुंद, हात लावला तर गरम.

इंदिरानगरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून आमवात सांगितला. कागदावर चित्र काढून समजावलं होतं त्यांनी. शरीर स्वतःवरच उलटतं, सांधे आतून सुजतात, आणि ही सूज सांध्यांपुरती थांबत नाही, वर्षानुवर्षं राहिली तर हृदयाच्या नळ्यांनाही त्रास देते. गोळी चुकवायची नाही, रक्त वेळेवर तपासायचं. खाण्याबद्दल फार बोलल्याच नाहीत. "तुमच्या मळ्यात जे पिकतं ते खा. साखर, थंडा, बेकरीचं, रोजचं तळलेलं कमी करा. खाण्यानं हा आजार जाणार नाही, पण त्याला खतपाणी तरी मिळणार नाही." एवढंच. साधं, सरळ, आपल्यासारख्या माणसांना कळेल असं.

आणि मी काय केलं? गोळी घेतली की तुला दिवसभर मळमळायचं, घास जायचा नाही. ते मला बघवत नव्हतं. त्यात माझ्या मोबाईलवर कुणीतरी एक यादी पाठवली, आमवात मुळापासून घालवणारी. वांगं बंद, टोमॅटो बंद, बटाटा बंद, दही-ताक बंद, लिंबू बंद, डाळी वातूळ म्हणून सगळ्या बंद, आणि शेवटी, इंग्रजी गोळ्या उष्ण म्हणून त्याही बंद. मी ती मोठ्या अक्षरात वहीच्या पानावर उतरवली आणि ओट्याच्या वर भिंतीला चिकटवली. शहाणी ना मी! तू म्हणालीस, "अक्का, डॉक्टरीणबाईंना एकदा इचारू का?" मी म्हटलं, "त्यांना काय कळतंय आपल्या खाण्यातलं?" नेमकं तेव्हा ओझरच्या कारखान्याचं विमान डोक्यावरून गेलं. आवाज विरेपर्यंत तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं."

तू माझं ऐकलंस. मी मोठी होते म्हणून ऐकलंस.

आता आपल्या घराची अक्कल बघ. दाराशी भाजीचा मळा. मेथी, पालक, वांगी, टोमॅटो रोज क्रेट भरून बाहेर चाललेत. आणि त्या घरातली आजारी बाई काय खाते? सकाळी चहा-टोस्ट. दुपारी साबुदाणा. संध्याकाळी चहा-बिस्कीट. रात्री पांढरा भात आणि वर तूप-साखर. यादीत टोस्ट नव्हता, बिस्कीट नव्हतं, साखर नव्हती, साबुदाणा नव्हता. म्हणजे ते सगळं चालणार! मी स्वतः बेकरीतून पुडे आणून तुझ्या उशाशी ठेवायचे आणि वर सासूबाईंना सांगायचे, बघा, किती कडक पथ्य चाललंय. आठ महिने. भाजी पिकवणाऱ्यांच्या घरात भाजी सोडली आणि टोस्ट धरला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला चारचौघांत वेड्यात काढलं असतं.

आठ महिन्यांनी तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच. पदर खोचता येईना. ब्लाउजचे हुक मी लावून द्यायचे. मग भाऊजींनी, तुझ्या नवऱ्याने, कंपनीत रजा टाकली आणि आपल्याला दोघींना परत इंदिरानगरात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तुझा हात हातात घेतला आणि त्यांचा आवाज चढला. "गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?"

मी शेजारच्या खुर्चीत होते. तू म्हणालीस, "मीच ठरवलं, मॅडम. मोबाईलवर वाचलं."

तुझ्याकडे तेव्हा बटणांचा मोबाईल होता, सुनंदा. त्यात काय वाचणार होतीस तू? डॉक्टरीणबाई तुला बोल बोल बोलल्या आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता बघत बसले. नखशिखान्त लाज वाटत होती. येताना आत्ता बोलते, मग बोलते करत द्वारका चौक मागे पडला. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "अक्का, उद्या मेथी काढायची ना?" मी म्हटलं, "हो." संपलं. पुढची अकरा वर्षं आपण त्या विषयावर बोललो नाही.

पण घरी आल्यावर तू जे सुरू केलंस, ते मी कधी विसरणार नाही. पहिल्यांदा ती भिंतीवरची यादी काढलीस आणि सासूबाईंसमोर पाणी तापवायच्या चुलीत घातलीस. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरायच्या आधी एक क्रेट उचलून आत आणलास. आपल्या घरची रीत काय, तर चांगला माल मार्केटला आणि घरात पिवळं, किडकं, उरलंसुरलं. सासूबाई कडाडल्या, "पयल्या नंबरचा माल घरात खाते? लक्ष्मीला लाथ मारते काय?" तुझा आवाज मी पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. "आत्या, लोकांच्या पोरांना हिरवीगार मेथी आन आपल्या पोरांना पिवळी, ही कुठली रीत? मी भाजी चोरत नाय. पिकवलीय, खाणार हाय." सासूबाई तीन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनीच तुझ्या मेथीत लसूण ठेचून टाकला.

आणि ती साखर! घरात सांगून कुणी ऐकणार नाही हे तुला ठाऊक होतं. रोज सगळ्यांच्या चहात चिमूटभर कमी करत गेलीस. चार महिन्यांत साखर निम्म्यावर आली आणि मला सोडून कुणाला पत्ता नाही. मग एकदा पाहुणे आले, पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, "वहिनी, साखर इसरल्या का?" ह्यांनी आपला कप तोंडाला लावला, विचार केला आणि म्हणाले, "नाय, आमचा असाच असतो." तू मोरीत पळालीस आणि पाण्याचा नळ सोडून हसलीस. टेम्पो भरून झाला की सगळ्यांसाठी थंड्याची मोठी बाटली फुटायची, तीही बंद केलीस. त्या जागी जिरं घातलेलं ताक. भाऊजी कुरकुरले, "कंपनीत कळकट चहा, घरी ताक. माझं नशीबच पांचट." पण प्यायचे. दोन दोन पेले प्यायचे.

ह्या सगळ्याबरोबर गोळी. एकही चुकवली नाहीस. मळमळतं म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी जोडीला दुसरी गोळी दिली आणि मळमळ थांबली. केवढी सोपी गोष्ट! आठ महिने आधी विचारली असती तर? हा प्रश्न मी तेव्हापासून रोज गिळते आहे.

आपलं शेवटचं भांडण मिसळीवरून झालं, तेही लिहून टाकते. अंगाशी आल्यावर मी इतकी घाबरले होते की तुझ्या ताटावर पहारा द्यायला लागले. तुला महिन्यातून एकदा मिसळ लागायची, चांगली झणझणीत, वर कांदा-लिंबू. मी आडवी यायचे. त्या रविवारी तू म्हणालीस, "अक्का, रोजचं ताट बघायचं, एका दिवसाचं नाय. मी माणूस हाय, दवाखान्यातला तक्ता नाय." मी फुगून घरात बसले. तू भाऊजींबरोबर जाऊन आलीस आणि माझ्यासाठी पार्सल आणलंस. मी हात लावला नाही. गुरुवारी तू गेलीस. तुझ्याबरोबर बसून चार घास खाल्ले असते तर माझं काय बिघडलं असतं, सांग ना! तू बरोबर होतीस. मी त्या भांडणात हरले आहे आणि ते कबूल करायला तू समोर नाहीस, याचा मला भयंकर राग येतो. तुझाही येतो.

काय मिळालं, विचारतात. सांगते ना काय मिळालं. माझ्या हातून हुक लावून घेणारी बाई पुढची अकरा वर्षं स्वतःची साडी स्वतः नेसली. मयूरीच्या वेण्या घातल्या. वाकड्या दोन बोटांना बाजूला ठेवून उरलेल्या आठांनी जुड्या बांधल्या, आणि त्या माझ्यापेक्षा सरळ होत्या. घरातल्या दहा माणसांच्या पोटात ताजी भाजी गेली. भाजी खाल्ली की माणूस मरत नाही, असं तू कधी म्हणाली होतीस का? मी तरी ऐकलं नाही. तू म्हणायचीस, जगतोय तोवर हात चालले पाहिजेत. ते चालले. शेवटच्या सकाळपर्यंत चालले. यापेक्षा जास्त कुणाला काय मिळतं, ते ओसरीवर खारी बुडवणाऱ्यांनी मला सांगावं.

आता तेराव्याचं ऐक. जेवणं उरकली, बायका माजघरात बसल्या. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने वर्षभर एखादी वस्तू सोडतात, तो विषय निघाला. सासूबाई म्हणाल्या, "सुनंदाला भरताची वांगी लय आवडायची. घरानं वर्षभर वांगं सोडायचं. मयूरीनं दही सोडावं. तिची बोटं बी धरतात म्हणं, पोरीला तेवढंच बरं पडल." आणि मयूरीने काय करावं? "सोडते," म्हणाली. तू "बरं" म्हणाली होतीस ना, अगदी त्याच मुकाट्याने.

मी उठून उभी राहिले. "कुणी काही सोडायचं नाही."

"अगं, रीत हाय," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे रीत. जी आयुष्यभर सोडतच आली, तिच्या नावाने आणखी काय सोडायचं? आणि तिला सोडायला लावणारी मी होते. ती यादी माझी. गोळ्या मी बंद करायला लावल्या. डॉक्टरीणबाईंसमोर तिनं माझं नाव घेतलं नाही, आणि मी बसून राहिले. तिची दोन बोटं मी वाकडी केली."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आता कशापायी उकरून काढते? गेली ती." मी मयूरीकडे बोट केलं. "ही आहे ना अजून! हिला दही सोडायला सांगून तुम्ही मोकळ्या व्हाल आणि ही दवाखान्यात जाणार नाही. मी नाही होऊ देणार." मयूरीने माझ्याकडे असं बघितलं, की तिने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली. वांगं घरानं सोडलं नाही, एवढं तुला सांगते. दुसऱ्याच दिवशी मी भरीत केलं. जेवताना सगळे रडले आणि सगळ्यांनी खाल्लं.

मयूरी मात्र दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, चपला घालून दारात उभी. "चल, मोठी आई." कुठे, ते मी विचारलं नाही. पायात सापडल्या त्या चपला घालून निघाले.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर ती माझ्या शेजारी बसली, दोन्ही हात मांडीवर. समोर बघतच म्हणाली, "आईला तू कधी म्हणालीस का, की तुझं चुकलं?"

"नाही."

"का?"

"ती भांडली असती तर मी सोसलं असतं. पण तिनं हसून सोडून दिलं असतं. ते मला सोसलं नसतं."

तिने डोळे पुसले. मग अगदी तुझ्यासारखी, सरळ, म्हणाली, "मला सॉरी नको म्हणूस. मी गोळीला नाटकं करीन, कंटाळा करीन, तेव्हा माझं ऐकू नको. तेवढं कर."

सुनंदा, मी चुकले गं. अकरा वर्षं उशिरा म्हणते आहे आणि तुला ऐकू येत नाही, तरी म्हणते. त्या बाकावर मनातल्या मनात एवढंच म्हणून झालं होतं, तोवर आतून मयूरीचं नाव पुकारलं. मी तिच्या आधी उठले.